चार बांध्यांचा तांदूळ

निर्मला मॅडम गेल्याचं कळलं तेव्हा धान कापून झाला होता आणि मी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उकिडवा बसून मातीचा नमुना काढत होतो. त्यांनीच लावून दिलेलं काम. गोंदियाहून त्यांच्या भावाचा फोन आला... झोपेतच गेल्या, म्हणाला. मी हातातली माती पिशवीत भरली, वर चिठ्ठी लावली आणि मग बांधावर बसून रडलो. अर्धवट नमुना त्यांना चालला नसता.

कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडणारा कारखाना होता. तो बंद पडला, पण त्याचं शिसं पावसाच्या पाण्याबरोबर माझ्या धानाच्या चार बांध्यांत उतरून बसलं. सहा वर्षांपूर्वी मॅडम पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी सरळ विचारलं, ‘‘माती बदलून द्याल का?’’

‘‘नाही गुरुजी, हीच स्वच्छ करू.’’

हिवाळ्यात मोहरी पेरायची, ती शिसं ओढून घेते. फुलावर आली की मुळासकट उपटून न्यायची. पावसाळ्यात धान लावायचा आणि दाण्यात किती शिसं उतरलं ते तपासायचं. आकडा मर्यादेखाली येईपर्यंत त्यातला दाणाही कुणी खायचा नाही, गुरांना धानाचं तणस, पेंढासुद्धा नाही. मी मास्तरकी केलेला माणूस, शहाण्यासारखी मान डोलावली. घरी मात्र अर्धंच सांगितलं, खायचा नाही ते राहूनच गेलं. चूक माझी.

पहिल्याच वर्षी धान असा पिकला की बघत राहावं. आमच्या घरी नवा तांदूळ देवाला दाखवून मानाच्या माणसाला वाढतात. माझ्या बायकोने, शेवंताने, मॅडमना जेवायला बोलावलं आणि त्याच बांधीचा भात वाढला. कुठला तांदूळ, ते कळताच मॅडमनी ताट बाजूला सारलं. माझंही ओढून घेतलं.

‘‘काऊन जी, माह्या हातचं चालत नाही का तुमाले?’’ शेवंता लालबुंद झाली.

‘‘हातचं चालतं, वहिनी. तांदूळ चालत नाही.’’

चार गोड शब्द वापरले असते तर काय बिघडलं असतं? मला त्यांचा भयंकर राग आला. पण दुसऱ्या दिवशी मॅडम दाण्याच्या तपासणीचा कागद घेऊन हजर. चुलीपाशी बसून शेवंताला एकेक आकडा समजावला, शिसं लहान पोरांच्या मेंदूचं काय करतं तेही सांगितलं. आमची नात तेव्हा अंगणात रांगत होती. मग रेशनच्या तांदळाचा भात मागून पोटभर जेवल्या.

दरवर्षी आकडा उतरत गेला आणि दरवर्षी आम्ही तो धान पक्क्या खड्ड्यात पुरला. गावाने आम्हाला खुळ्यात काढलं.

यंदाच्या दाण्याचा कागद मॅडम गेल्यावर पंधरा दिवसांनी आला. मर्यादेच्या जरासाच वर. माझा धीर सुटला. ‘‘एवढ्याशानं काय होते?’’ मी शेवंताला म्हणालो. ‘‘साफ होऊनच राहिलं ना. खाऊ यंदा... त्यांच्या नावानं.’’

तिने धानाची पोती बाहेर काढली. एकेक पोतं ओढत खड्ड्यापाशी नेलं आणि आत रिकामं केलं. मी नुसता उभा होतो. शेवटचं पोतं झटकून तिने घडी घातली आणि मला विचारलं, ‘‘मोहरी कवा पेरता?’’

काल पेरली.