सूर्याच्या पूजेला बूट घालून?

मंडळी, आत्ताच घरी आलेय. तळपाय अजून पोळताहेत, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

ऑफिसमधल्या, पेरू देशातून आलेल्या मैत्रिणीने आज इंती रायमीला बोलावलं होतं. इंका लोकांचा सूर्याचा उत्सव, आणि तो इथे सांता क्लाराच्या पार्कमध्ये! गवतावर रंगीत कापड अंथरलेलं, त्यावर मका आणि फुलं. रांग बाजूच्या तापलेल्या फरशीवर; एकेकाने पुढे जाऊन सूर्याला नमस्कार करायचा.

आमचा नंबर आला तशी मी शूज काढायला लागले.

“अगं, इथे कोणीच काढलेले नाहीत,” नवरा कुजबुजला.

“आई, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग,” आमची लेक.

“बघू देत. पूजा आहे ना? मग बूट घालून नाही जाणार मी.”

मैत्रिणीच्या आजींनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी वाकून स्वतःचे बूट काढले आणि माझा हात धरून मला पुढे घेऊन गेल्या. बघता बघता मागची रांगही अनवाणी झाली.

खरं सांगा, तुम्ही काढले असते, की आधी आजूबाजूला बघितलं असतं?

आमची लेक तर निघताना त्या बुटांच्या ढिगात स्वतःचे शूज शोधत होती.