चतुर्थीचं इंजेक्शन

जिल्ह्यातल्या एका तुरुंगात मी साडेतीन वर्षं नर्सची नोकरी केली. रोज भिंगारहून बसने जायचे. शेजारणी विचारायच्या, भीती नाही वाटत? कैद्यांची कधीच वाटली नाही. माझी भांडणं असायची ती फ्रिजवरून. इन्सुलिनचा फ्रिज साहेबांच्या खोलीत, किल्ली कारकुनाकडे आणि कारकून चहाला. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. अर्जावर अर्ज केले, दोनदा सरळ भांडले, तेव्हा कुठे तो फ्रिज माझ्या खोलीत आला. मग शुगरच्या आठही पेशंटना वेळेवर इंजेक्शन मिळायला लागलं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

वेळेवर म्हणजे मात्र तुरुंगाच्या वेळेवर. संध्याकाळी पाचला इंजेक्शन. मग ज्याने त्याने आपली भाकरी-भाजी घेऊन बराकीत जायचं, मोजणी व्हायची आणि दार बंद. त्याआधी सुई टोचली नाही तर थेट दुसऱ्या दिवशी. आत गेल्यावर कोण कधी जेवतो, ते मला दिसायचं नाही. सुरुवातीला मी एकेकाला थांबवून बजावायचे, इंजेक्शन घेतल्यावर लगेच जेवायचं, नाहीतर साखर खाली जाऊन जिवावर बेतेल. पुढेपुढे 'लगेच जेवा' एवढंच उरलं, तेही मान वर न करता.

त्यांच्यात मिरजगावकडचे एक म्हातारे होते. बांधावरून भावकीत मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि खटल्याचा निकाल लागायच्या आधीच हे आत आले. आले तेव्हा पायाला चिघळलेली जखम होती. महिनाभर रोज पट्टी केली, पाय वाचला.

"ताई, ह्यो पाय आता तुमचा हाय," म्हणायचे.

"मग माझा पाय अनवाणी का फिरवता?" मी दटावायचे. ते हसायचे आणि चप्पल शोधायला जायचे.

त्या दिवशी संकष्टी होती. मलाही उपवास होता, लग्नापासून धरते. दुपारी डब्यातली भगर खाल्ली होती. पाचला म्हातारे आले, शर्ट वर केला, पोटावर इंजेक्शन घेतलं. मी 'लगेच जेवा' म्हटलं असेन, ते 'व्हय' म्हणाले असतील. नीट आठवत नाही, कारण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. घरी जाऊन मोदक करायचे होते. चंद्रोदय सव्वानऊचा, हे मला पाठ होतं. समोरच्या माणसालाही उपवास असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

बाकीचं मला दुसऱ्या दिवशी बराकीतल्या लोकांनी सांगितलं. पुढच्या आठवड्यात जामिनाची तारीख होती, म्हणून म्हाताऱ्यांनी चतुर्थी धरली होती. दुपारी दोन केळी, बस. "ताईला सांगा की," असं कुणीतरी म्हणालं, तर म्हणे, "नगं, लई रागावत्यात. उपास मोडाया लावतील." चंद्र उगवला की पहाऱ्यावरचा शिपाई बराकींना ओरडून सांगतो, असा तिथला रिवाज. त्यानेही सांगितलं. चार-पाच जण उपवास सोडायला बसले. म्हाताऱ्यांना हाक मारली, तर ते उठेनात. अंग घामाने भिजलेलं. दमलेत, झोपू द्या, म्हणून कुणी त्यांच्या अंगावर चादर घातली आणि भाकरी उशाशी झाकून ठेवली. त्या वेळी मी घरी चंद्राला नैवेद्य दाखवून जेवायला बसले होते.

मी सकाळी पोचले तेव्हा ते बेशुद्ध होते. ग्लुकोज लावलं. साखर वर आली, माणूस आला नाही. मोठ्या दवाखान्यात हलवलं, तिथे चौथ्या दिवशी ते वारले.

चौकशी झाली. रजिस्टर पाहिलं गेलं. वेळ बरोबर, डोस बरोबर, खाली माझी सही. साहेब म्हणाले, "तुमचं काम चोख आहे, काळजी करू नका." त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

म्हातारे गेले त्या दिवशी त्यांची बायको मोठ्या दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. तिने मला ओळखलं नसावं, पण अंगावरचा नर्सचा ड्रेस पाहून ती आपण होऊन बोलायला लागली.

"तुरुंगात मुलाखतीला गेल्ते तवा मीच म्हनले, औंदा चतुर्थी धरा, जामीन हुईल. माझ्यामुळं गेले बगा."

गप्प बसणं सोपं होतं. पण ही बाई उरलेला जन्म हेच घोकत राहील, हे मला दिसत होतं.

"तुमच्यामुळे नाही, मावशी," मी म्हटलं. "सुई मी टोचली. उपवास आहे का, एवढं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

ती शिव्या देईल असं वाटलं होतं. द्यायलाच हव्या होत्या. तिने नुसता माझा हात धरला.

"तुमाला कसं ठावं आसनार ताई," ती म्हणाली. "तुमा नोकरीवाल्यांच्या ध्यानात कुठं ऱ्हातीया चतुर्थी?"

मलाही उपवास होता, हे मी तिला सांगितलं नाही.