फणसाच्या मुठीची तलवार

माझं डोकं गरम आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. ओरोसच्या कचेरीत दिवसभर "आपला अर्ज पुढे पाठवण्यात येईल" असं गोड गोड बोलते ना, त्याची सगळी कसर घरी निघते. दोन वर्षांपूर्वी ती निघाली धाकट्या भावावर.

तो मुंबईला असतो. मे महिन्यात आला आणि मी कचेरीत असताना त्याने घरापुढच्या खळ्यातला फणस तोडून घेतला. झाड छपरावर कललं होतं, एखाद्या पावसात घरावर आलं असतं, हे सगळं खरं. पण विचारायचं तरी! संध्याकाळी येऊन बघते तर अंगणात नुसतं खोड आणि ओंडके. तोंडाला येईल ते बोलले. शेवटी म्हटलं, "शिरा पडो तुझ्या तोंडार! परत ह्या घराची पायरी चढू नको."

रागात माणूस असं बोलतो. समोरच्याने ते विसरायचं असतं. पण हा पडला माझाच भाऊ. चतुर्थीला आला, सासुरवाडीला उतरला, बायकोला आमच्या घरात पाठवलं आणि स्वतः खळ्यात उभा राहिला. तिथूनच गणपतीला हात जोडले. पायरी काही चढला नाही. मीही "ये" म्हटलं नाही. अख्ख्या वाडीने बघितलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, आणि खरं सांगते, मला ते फार लागलं होतं.

तो फणस म्हणजे लहानपणी आमचं राज्य होतं. वाचनालयातल्या परदेशी गोष्टींच्या पुस्तकांत सरळ पात्यांच्या तलवारी, आडव्या मुठी, पंखवाले राक्षस असायचे. ते बघून आम्ही झावळीच्या दांड्यांच्या तलवारी करायचो आणि झाडावर गड लढवायचो. नियम एकच. भांडण कितीही पेटो, ज्याने आपली तलवार मातीत खुपसून "रोवली!" असं मोठ्याने म्हटलं तो हरला, आणि भांडण तिथेच संपलं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "काय ता? रोवळी? माझी रोवळी खंय नेलास?" तांदूळ धुवायची तिची बांबूची रोवळी बरेचदा खरोखरच आमच्यापैकी एकाच्या डोक्यावर शिरस्त्राण म्हणून असायची.

"रोवली" नेहमी तोच म्हणायचा. मी एकदाही म्हटलं नाही.

यंदा एप्रिलमध्ये माळा साफ करताना त्याची जुनी वही सापडली. त्यात त्याने बाराव्या वर्षी काढलेलं तलवारीचं चित्र होतं. तलवार जमिनीत रोवलेली, बुडाशी गवत, आडव्या दांड्याच्या दोन टोकांना कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, नांग्या आणि मुठीच्या वर एक छोटा फणस. खाली लिहिलं होतं, "मोठा झाल्यावर करणार." मेला मोठा झाला आणि विमा कंपनीत चिकटला.

मी ठरवलं, ही तलवार करून घ्यायची. "माफ कर" हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघत नाहीत; त्यापेक्षा लोखंड वाकवून घेणं सोपं.

तोडलेल्या फणसाचे ओंडके पडवीत होतेच. त्यातला एक तुकडा पिशवीत घालून सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. तो चित्र बघून खूश झाला. "आम्ही परडीतली केळी, आंबे, सीताफळं करतो. तलवारीवर फणस पहिल्यांदाच," म्हणाला. काटे एकेक करून कोरीन, पण घाई करू नका, अशी त्याने अट घातली.

मग शेजारच्या गावातल्या लोहाराकडे गेले. आमच्या भागातले अर्धेअधिक कोयते त्याच्या हातचे. तो घरी नव्हता. त्याच्या बायकोच्या हातात चित्राची झेरॉक्स दिली, माप सांगितलं आणि म्हटलं, "भावासाठी आसा. धार लावूची नाय. चतुर्थीच्या आधी होया." एसटी समोर दिसत होती, म्हणून पळाले.

पंधरा दिवसांनी गेले तर म्हातारा लोहार मला बघून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली.

"वायट झाला गो बाय," म्हणाला. "कसो गेलो?"

"कोण?"

"तुझो भाव."

दोन वर्षं बोलणं नाही. त्याचं बरंवाईट मला आता लोहाराकडून कळायचं? तिथल्याच ओंडक्यावर बसले आणि फोन लावला. तीनदा घंटी वाजली. तेवढ्या वेळात मी सगळ्या देवांना नारळ बोलले.

"हॅलो? ताई?"

धडधाकट आवाज. मी फोन कापला. मग उठले आणि लोहाराला असा फैलावर घेतला की त्याची बायको बाहेर आली. "तुमका कोणी सांगला? कोणी सांगला माझो भाव गेलो म्हणान?"

त्याने घाबरत झेरॉक्स पुढे केली. "हो क्रूस न्हय? भावासाठी म्हणालंस. धार नको म्हणालंस. खाली गवात पण आसा."

मी चित्राकडे बघितलं. उभा दांडा, आडवा दांडा, बुडाशी गवत; नांग्या आणि फणस झेरॉक्समध्ये नुसते काळे डाग. किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती लोकांना थडग्यावरचे लोखंडी क्रूस हाच करून देतो. त्याची काय चूक! "मुंबयक ऱ्हवता, लगीन किरिस्तावात केला आसात म्हटला," असंही त्याने समजावलं. भिंतीला टेकून तो तयार क्रूस उभा होता, जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा, चांगला जाड. खाली जमिनीत रोवायला वीतभर अणकुचीदार खुंटीसुद्धा काढलेली.

"मगे ही तरवार?" त्याने विचारलं. "आणि धार नाय?"

आम्ही तिघं इतकी हसलो की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं. तेवढ्यात भावाचा मेसेज आला, "ताई, बरी आसस ना?" मी लिहिलं, "चुकून लागला."

लोहाराने पातं पुन्हा भट्टीत घातलं, ठोकून पातळ केलं, आडव्या दांड्याची टोकं वाकवून नांग्या काढल्या. शेवटी विचारलं, "ही खुंटी कापू काय? तरवारीक कित्याक होई?"

हो म्हणणार होते. तोंडातून मात्र निघालं, "ऱ्हवांदे. रोवूक होई."

सावंतवाडीचा फणसही कोरून झाला, तो मुठीवर बसवून घेतला. चतुर्थीला सकाळी भाऊ आला. भावजय आत गेली ती थेट स्वयंपाकघरात. तो छत्री घेऊन खळ्यात, फणसाच्या खोडापाशी उभा. ओटीवर शेजारीपाजारी आरतीसाठी जमले होते. मी तलवार घेऊन बाहेर आले तशा सगळ्यांच्या माना वळल्या. "अगो, ह्या काय?" कोणीतरी म्हटलंच.

मी पायऱ्या उतरले. वाटेत चार शब्द जुळवले होते, ते कुठे गेले कोण जाणे. खोडाजवळच्या ओल्या मातीत खुंटी टेकवली आणि दोन्ही हातांनी दाबली. तलवार सरळ उभी राहिली.

"रोवली," मी म्हटलं. आवाज एवढासा आला.

तो बघत राहिला. नांग्यांवरून बोट फिरवलं, मग मुठीवरच्या फणसावर तळहात ठेवला. खोडाकडे मान करून विचारलं, "ह्याच फणसाचो?"

"ह्याच."

मग म्हणाला, "मोठ्यान म्हण. नियम तसो आसा."

मेल्याला अख्ख्या वाडीसमोर! पण नियम तो नियम. मी घसा फाडून ओरडले, "रोवली!"

आतून भावजयीचा आवाज आला, "काय ता ताई? रोवळी? हयच आसा, तांदूळ धुतंय!"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तो आधी हसला की रडला, मला सांगता येणार नाही. छत्री खोडावर ठेवली, चपला काढल्या आणि माझ्याआधी पायरी चढला.