मे महिन्यातला फुगवटा

भिवापूरच्या मिरचीवाल्याचं पोर नागपुरात प्राध्यापक झालं, पण गावानं त्याला 'माश्यांचा डॉक्टर' म्हणूनच ओळखलं. गिरिधररावांना त्याचं काही वाटत नसे. अळीची माशी होताना कोणतं जनुक केव्हा जागं होतं, हा त्यांचा ध्यास. जनुक कामाला लागलं की गुणसूत्र त्या जागी फुगतं, आणि तो फुगवटा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. याला कोणी वेड म्हणो, सरांना दुसरं काही सुचत नसे.

सहासष्टच्या मे महिन्यात त्यांची विद्यार्थिनी वच्छला हिच्या बहिणीचं लग्न निघालं. मांडवात म्हातारी माणसं भाजून निघतील म्हणून सरांनीच प्रयोगशाळेतला कूलर तिच्या घरी नंदनवनला धाडला. लग्न थाटात झालं. त्याच आठवड्यात, जगल्या-वाचल्या तेवढ्या अळ्यांच्या गुणसूत्रांवर एक नवाच फुगवटा दिसला. सरांना आभाळ ठेंगणं झालं. वाढीचं नवं जनुक सापडलं म्हणून शोधनिबंध छापून आला, नागपुरातच सदर भागात सत्कार झाला, शाल मिळाली.

वच्छलाचा प्रबंध त्याच फुगवट्यावर होता. हिवाळाभर ती सूक्ष्मदर्शकासाठी काचपट्ट्या करत राहिली. फुगवटा काही दिसेना. शेवटी सरांनी अख्ख्या विभागासमोर तिला झाडलं, "तुह्या हाताले कसबच नाही वं! शाळेत जाऊन बेडूक काप." ती खरंच शाळेत लागली. प्रबंध राहिला तो राहिलाच.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात कूलर जळला, आणि तोच फुगवटा पुन्हा उगवला. सहासष्टच्या मेमध्येही कूलर प्रयोगशाळेत नव्हता, हे सरांना तेव्हा आठवलं. वाढीचं जनुक कसलं, ती उन्हाची काहिली होती! एवढा शिकलेला माणूस, आणि नागपूरचं ऊन ओळखता आलं नाही. मान खाली घालून ते वच्छलाच्या दारी गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"मले तवाच शंका आली होती, सर," ती म्हणाली.

"मंग बोलली काहून नाहीस वं?"

"कूलर आमच्याच मांडवात होता ना. कॉलेजचं सामान, तुमच्यावर आलं असतं."

धरणीनं पोटात घ्यावं असं सरांना झालं. "माही चूक मी छापून टाकतो," ते कसेबसे म्हणाले.

"छापा. पण वच्छलाचे हात चांगले होते, हेबी लिहा."

असलं वाक्य कोणतंच मासिक छापत नाही. हे सरांना माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तरी ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली.