सकवारबाईंनी डोंगर पाहिले

बेंगळुरातल्या कब्बनपेठेत सकवारबाई लहानाच्या मोठ्या झाल्या, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेल्या आणि तिथंच त्यांचं कुंकू पुसलं गेलं. नवरा खंडोजी शिंपी. लष्करातल्या साहेबांचे कोट शिवण्यात त्याचा हात धरणारा पेठेत कुणी नव्हता. तो गेल्यावर मशीन सकवारबाईंनी चालवलं आणि गिऱ्हाइकंही सांभाळली. पण मशीन सोडून त्या फारशा उठतच नसत. भाऊबंदांत बारसं असो की लग्न, त्या सकाळीच जाऊन भाज्या चिरून येत आणि वाजंत्री सुरू व्हायच्या आत घरी परतत. चाळिशी उलटली तरी त्यांनी गावाची वेस ओलांडली नव्हती. डोंगर म्हणजे लालबागेतल्या खडकाचा थोरला भाऊ असेल, एवढीच त्यांची समजूत.

१९५८च्या उन्हाळ्याच्या तोंडाला मुद्दव्वा त्यांच्याकडे आली. ही कोडगूची, म्हणजे कुर्गची म्हातारी अलसूरला मुलाकडे येऊन-जाऊन असे. आईवेगळा नातू बोपय्या तिनंच वाढवलेला. लष्करात लागला होता, आता त्याचं लग्न ठरलं होतं. नवरदेवाचा 'कुप्या', म्हणजे गुडघ्यापर्यंतचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा अंगरखा, सकवारबाईंनी शिवावा असं तिच्या मनात होतं. अंगरखा तयार झाला. म्हातारीनं शिवण उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "सरी, झकास झालाय. आता तो अंगावर कसा बसतो ते बघायला तूही चल."

"मी कशाला, अज्जी? लग्नाच्या घरी माझं काय काम?"

"का, पाय दुखतात तुझे?"

सकवारबाईंना हसूच आलं. दीर कृष्णाजी मात्र गुरगुरले, "वैनी, लोक काय म्हणतील?"

"भावजी, कोडगूत मला कोण वळखतंय?" असं म्हणून त्यांनी पिशवीत दोन पातळं कोंबली. आपल्या तोंडून हे कसं निघालं याचं त्यांनाच नवल वाटत होतं.

म्हैसूर मागं पडलं, हुणसूर गेलं. मग बस रानात शिरली आणि रस्ता वळसे घेत चढू लागला. सकवारबाईंनी खिडकीची दांडी घट्ट धरली. एका वळणावर झाडी फाकली आणि समोर एकामागं एक निळ्या रांगा उभ्या राहिल्या. शेवटची रांग कुठली आणि आभाळ कुठलं ते कळेना. "आई हिंगळाजे!" त्यांनी मोठ्यानं कुलदेवीला हाक मारली. बसमधली माणसं वळून हसली, त्याचं त्यांना भानही नव्हतं.

"स्वल्प श्वास घे," मुद्दव्वा म्हणाली. "अजून घाट आहे."

आदल्या आठवड्यात वळवाचा शिडकावा झाला होता आणि कॉफीला फुलं आली होती. उतारच्या उतार पांढरे. जाईसारखा वास, पण जाईपेक्षा दाट. मडिकेरीच्या बाजारात बस थांबली तेव्हा सकवारबाई खाली उतरून नुसत्या उभ्या राहिल्या. मागच्या बाजूला निऱ्या खोचलेल्या कोडगूच्या बायका, टोपीवाले मलबारी मापळे पानवाले, बांबूच्या नळ्यांतून मध विकणारे रानातले कुरुब. एक बोली संपेपर्यंत दुसरी कानावर पडे. आपल्या पेठेतही चार भाषा आहेत, पण ही माणसं जणू एकेका डोंगरावरून वेगळी वेगळी उतरली होती.

लग्नाच्या दिवशी ढोल आणि शिंगं वाजू लागली तशा सकवारबाई सवयीनं स्वयंपाकघराकडे वळल्या. तिथल्या बायकांनी त्यांना हसत बाहेर काढलं. मग त्या ओसरीच्या खांबाआड उभ्या राहिल्या. बोपय्या तिवईवर बसला होता, कमरेला तांबडा रेशमी शेला, त्यात खोचलेली कट्यार, आणि अंगात तो पांढरा कुप्या. खांद्यावर कुठं सुरकुती नव्हती.

आता आशीर्वादाची वेळ आली. आईच्या जागी पहिली कोण जाणार म्हणून सकवारबाई पाहू लागल्या. पुढं झाली मुद्दव्वा. पांढऱ्या लुगड्यातली, बोडक्या कपाळाची मुद्दव्वा! सकवारबाईंना वाटलं, आता कुणीतरी ओरडेल, कुणीतरी तिला मागं ओढेल. पण कुणाची पापणीसुद्धा लवली नाही. म्हातारीनं नातवाच्या गुडघ्यांवर, खांद्यांवर, डोक्यावर तांदूळ टाकले, तोटीच्या भांड्यातून त्याला दुधाचा घोट पाजला आणि मान वर करून हाक मारली, "सकवारक्का! ये."

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"अज्जी, मी... तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"मलाही नवरा नाही. हात आहेत. ये."

सकवारबाई पुढं झाल्या. मुठीतले तांदूळ घामानं ओले झाले होते. बोपय्या खाली वाकला. खंडोजी गेल्यापासून कुणी त्यांच्यासमोर आशीर्वादासाठी असं डोकं वाकवलं नव्हतं. दूध पाजताना चार थेंब नव्या कुप्यावर सांडले. त्या ओशाळल्या. बोपय्या हसून म्हणाला, "असू दे, अक्का. तुमचंच आहे."

दोन दिवसांनी मुद्दव्वानं त्यांना तलकावेरीला नेलं. केवढी कावेरी, आणि तिचा उगम घरातल्या चुलीएवढा! त्यांनी कुंडातलं पाणी डोळ्यांना लावलं. शेजारच्या ब्रह्मगिरीवर चढून गेल्या तेव्हा वारा पातळ ओढत होता. चहूकडे गवताळ शिखरं, खाली दऱ्यांतून सरकणारं धुकं. आकाश स्वच्छ असलं तर पश्चिमेला समुद्र दिसतो, असं कुणी म्हणालं. सकवारबाईंना समुद्र दिसला नाही. पण त्या बसल्या, आणि किती वेळ रडत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मुद्दव्वा पाठ करून पलीकडे पान चघळत उभी राहिली.

परतल्यावर त्या पुन्हा मशीनवर बसल्या. पुढल्या वर्षी कृष्णाजींच्या मुलीचं, कावेरीचं लग्न निघालं. सकवारबाईंनी त्या दिवशी भाज्या चिरल्या नाहीत. मांडवात जाऊन त्यांनी मूठभर अक्षता घेतल्या. बायका कुजबुजल्या, कृष्णाजींनी मान खाली घातली. कावेरीच मुंडावळ्या सावरत म्हणाली, "काकी, आधी तुम्ही." सकवारबाईंनी पहिली अक्षता टाकली.

साठ सालानंतर दर उन्हाळ्याला कब्बनपेठेतून बायकांचा एक घोळका बसनं कोडगूला जाऊ लागला. पुढं सकवारबाई. बरोबर कुणी विधवा, कुणी टाकलेली, कुणी सासूच्या धाकात वाढलेली सून. घाटातल्या त्या वळणाआधी सकवारबाई सगळ्यांना गप्प करीत, खिडकीकडच्या जागा नव्या बायकांसाठी सोडायला लावीत. एकदा सत्यवती नावाची नवी सून डोळे मिटून बसली. चक्कर येईल म्हणाली.

"येऊ दे चक्कर," सकवारबाई म्हणाल्या. "डोळे उघड, पोरी."

सत्यवतीनं डोळे उघडले, आणि तिच्या तोंडून निघालं, "आई हिंगळाजे!"