बोर्लीला सही आणायला

भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटली तेव्हा मी पत्र्याची पेटी मांडीवर घट्ट धरून बसले होते. एरवी त्या पेटीत माशांचे नमुने असतात. त्या दिवशी तीत एकच कागद होता आणि त्यावर माझ्या नवऱ्याची सही हवी होती.

हकिगत अशी. मी प्राणिशास्त्रातली एम. एस्सी. समुद्री माशांच्या अभ्यासासाठी एका प्रयोगशाळेत दोन जागा निघाल्या. एक मला मिळाली, दुसरी माझ्याच वर्गातल्या एका गृहस्थांना. त्यांचेही लग्न झालेले आहे, पण बायकोची परवानगी आणा असे त्यांना कुणी सांगितले नाही. मला सांगितले. विवाहित स्त्रीने पतीचे संमतिपत्र जोडावे, नाहीतर जागा दुसऱ्याला. परीक्षा देताना मला नवरा लागला नाही, सूक्ष्मदर्शकात डोळा लावताना लागला नाही, नोकरीला मात्र लागतो. हे ठरवणारे सगळे शास्त्रज्ञ आहेत बरं का.

आता हा नवरा. माझे लग्न दहाव्या वर्षी लागले. तसे लावायला आता कायद्याची बंदी आहे, पण माझे आधीच लागून गेले होते. मी नांदायला गेले नाही. वडिलांनी मला शिकवले, तिकडच्यांनी वाट पाहून दुसरी केली. तरी पहिली मी आहेच. आमच्या कायद्यात पुरुषाला दोन बायका चालतात, बाईला मात्र एक नवरा सोडता येत नाही, आणि त्याने दावा लावला तर कोर्ट म्हणते, जा नांदायला. मला हा कायदा पटत नाही आणि मी तसे चारचौघांत बोलते. पण पटत नाही म्हणून भीती थोडीच जाते?

निघण्यापूर्वी वकील म्हणाले, "जाताय तर जा. पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नका, रात्र काढू नका आणि परत येण्याचा शब्द देऊ नका. ती जंजिरा संस्थानची हद्द. तिथून तुम्हाला सोडवून आणणं मला जड जाईल." तेव्हापासून घास गोड लागत नव्हता.

रेवसची खाडी डाव्या हाताला मागे पडली. पुढे नारळांची काळी रेघ, मधूनच एखादा किल्ला. किनारा सुंदर आहे असे लोक सांगतात. मी फक्त चारची परतीची बोट चुकली तर काय, याचा विचार करत होते.

शेजारी हिराबाय नावाची कोळीण बसली होती. मुंबईत सुकी मासळी विकून रिकाम्या टोपल्या घेऊन ती दिघीला घरी चालली होती. "यकटीच? घरवाला कुठं हाय?" तिने विचारले. भीतीने माणूस बडबडा होतो. मी तिला सगळेच सांगून टाकले.

"मंग काडी मोड ना," ती म्हणाली. (काडीमोड म्हणजे पंचांसमोर गवताची काडी मोडून लग्न सोडणे.) "मी मोडली. मारायचा मेला. पंचाम्होरं काडी मोडली नि उठले."

"आमच्यात मोडत नाहीत."

"पण तू तं शिकलेली," ती म्हणाली. टोमणा नव्हता, तिला खरेच कळत नव्हते. मग कसली नोकरी, असे तिने विचारले. मासे अंडी केव्हा घालतात ते शोधायची, मी म्हटले. ती हसली. "गाबोळी (माशाच्या पोटातली अंडी) कवा भरते ते मला इचार. मला कोनाची चिठ्ठी लागत न्हाय."

दिघीला आगबोट आत येत नाही. पडावात (लहान होडीत) उतरावे लागते. उतरताना लाट आली आणि मी कमरेपर्यंत भिजले, पण पेटी डोक्यावर धरली होती. ओल्या लुगड्यानेच बैलगाडीत बसून बोर्ली पंचतनचा रस्ता धरला. गाडीवानाने कुणाकडे जायचे विचारले. नाव सांगताच तो मागे वळला. "म्हंजे थोरल्या वैनी का?"

ज्या गावी मी कधी राहिले नाही, तिथे मला नाते होते.

घर सुपारीच्या वाडीत होते. आत रहाट करकरत होता. ओटीवर सासूबाई सुपाऱ्या सोलत होत्या, शेजारचे एक उपाध्ये पान लावत होते. मी ओटीच्या कडेला बसले. "उंबऱ्याबाहेर बसायला तू काय परकी आहेस?" सासूबाई म्हणाल्या. "आत ये, पान वाढते. फणसाची भाजी आहे, आमसुलाचं सार आहे." त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या मायेने बोलत होत्या आणि त्या मायेचीच मला भीती वाटत होती. "उपास आहे," मी खोटे बोलले. दाराआडून एक पोरसवदा बाई कोकमाचे सरबत घेऊन आली. ती धाकटी. तिने माझ्या पायांकडे पाहिले आणि हळूच विचारले, "राहायला आलात?" "नाही," मी म्हटले, आणि आम्हा दोघींचाही जीव भांड्यात पडला.

गृहस्थ, म्हणजे माझा नवरा, वाडीतून आले. वाईट माणूस नव्हे. टक्कल पडू लागलेला, मवाळ. कागद दोनदा वाचला. "मासे चिरण्याचा पगार मिळतो?" म्हणाले, आणि सही केली. इतके सोपे. मी कागद पेटीत ठेवायच्या आधी वाकून सासूबाईंना नमस्कार केला, त्यांनी कुंकू लावले, आणि लहानपणापासून जिभेला लागलेले वळण, माझ्या तोंडून निघाले, "येते."

जाताना 'जाते' म्हणू नये, हे कोणत्या मराठी बाईला शिकवावे लागते?

"येते म्हणाली," सासूबाई उपाध्यांकडे वळल्या. "ऐकलंत ना?"

उपाध्यांनी मान डोलावली. गृहस्थांनी माझ्या हातातला कागद सावकाश काढून घेतला आणि सहीच्या वर एक ओळ लिहिली: 'परत येते असे साक्षीदारासमक्ष सांगून गेली आहे, बोलावीन तेव्हा येईल.' खाली उपाध्यांनीही सही केली. "आता पक्कं झालं," गृहस्थ म्हणाले. कागद फाडावा असे वाटले, पण नोकरीही त्यातच होती. अडला हरी, दुसरे काय.

हिराबायचे घर दिघीच्या बंदरालगतच. मी पडावाची वाट पाहत होते तेव्हा ती मासळी वाळत घालत होती. "झाली सही?" झाली, म्हटले, आणि ओळ वाचून दाखवली. ती हसली नाही. "काडी मोडून उठले तवा मी मुद्दाम 'जाते' बोलले," ती म्हणाली. "सासूनं कानावर हात ठेवले. पन मंग कोन बोलवायला न्हाय आलं."

मुंबईला परतून मी प्रयोगशाळेत कागद दिला. कारकुनाने न वाचता फायलीत लावला. आता मी रोज गाबोळी चिरते, आणि शेजारच्या टेबलावर माझ्या वर्गातले ते गृहस्थही तेच करतात. फरक इतकाच की टपालवाल्याची घंटा वाजली की त्यांचा हात थांबत नाही. बोर्लीहून अजून पत्र आलेले नाही. येईल त्या दिवशी मी काय करीन ते मला माहीत नाही.

सकाळी निघताना आई दारात येते. "जाते," मी म्हणते. "असं म्हणू नये गं," ती रोज म्हणते, "येते म्हण." मला तिला सांगता येत नाही. मी पुन्हा "जाते" म्हणते आणि ती, मी वळणाआड होईपर्यंत, दारातच उभी राहते.