मारुतीपासून मांडवापर्यंत

देऊळगाव राजात तुळशीराम मास्तरांना ओळखत नाही असा कुणी भेटला, तर तो नक्की परगावचा समजावा. मास्तर शाळेतले नव्हेत, बँडचे. एरवी वांगी-मिरची पिकवायची आणि लग्नसराई आली की क्लॅरिनेट काढायचं. शिकले ते जालन्याच्या एका उस्तादाकडे, आणि उस्ताद मुंबईच्या हॉटेलात जॅझ ऑर्केस्ट्रात वाजवून आलेला. त्यामुळे यांच्या वरातीच्या चालीला असा काही झोका होता की रुसलेले व्याहीसुद्धा ताल धरायचे.

चाळीसेक वर्षांपूर्वी रेडिओवाल्यांनी या बँडला रेकॉर्डिंगला बोलावलं. तिथं भलतीच पंचाईत झाली. एका जागी उभ्यानं वाजवायची कुणाला सवयच नाही! सूर लागला की अख्खा ताफा चालायला लागायचा आणि माइक मागे राहायचा. शेवटी मास्तरांनी सगळ्यांना चपला काढून जागच्या जागी पावलं टाकायला लावली, तेव्हा कुठे जमलं.

कार्यक्रम लागला तो नेमका दाट लग्नतिथीला. बँड दुसरबीडला होता. वरात मारुतीच्या देवळापासून निघाली आणि रस्त्यावरच्या हॉटेलातल्या रेडिओनं यांच्याच बँडचं नाव पुकारलं. ट्रम्पेटवाला पुंजाजी ओरडला, "मास्तर, थांबा ना! आपलंच लागून राह्यलं!"

पण मारुतीपासून मांडवापर्यंत बँड मुका होऊ द्यायचा नाही, हा रिवाज.

"नवरदेवाले काय सांगू मंग? वाजवा!" मास्तर म्हणाले, आणि आपलाच कार्यक्रम आपल्याच बँडच्या आवाजात बुडवून पुढे गेले. अशा माणसापुढे हात जोडावेत, दुसरं काय!

तो कार्यक्रम त्यांचा ऐकायचा राहूनच गेला. पुढे डीजे आले, बँड मोडला. पुंजाजी गेला, बाकीचेही एकेक करत गेले. मास्तरांची तक्रार नसे, पण जेवताजेवता मध्येच हात थांबायचा, नातीला विचारायचे, "कसं वाजलं असन वं ते?"

यंदा नात योगिनीनं ते मनावर घेतलं. विचारत विचारत बीबी गावाला पोचली. तिथल्या एका शौकिनानं त्या दिवशी रेडिओवरून कॅसेट भरून ठेवली होती. योगिनीनं ती मोबाइलमध्ये उतरवून आणली, आजोबांना अंगणात बाजेवर बसवलं आणि लावली.

आधी नुसती खरखर. मग पुंजाजीचं ट्रम्पेट. मास्तर उठून उभे राहिले. क्लॅरिनेट सुरू झालं आणि त्यांची बोटं हातातल्या काठीवर फिरू लागली, पावलं चालू लागली. योगिनी मोबाइल घेऊन त्यांच्या बरोबरीनं निघाली. या खेपेला आवाज मागे राहिला नाही.

फाटकापाशी आले आणि रेकॉर्डिंग संपलं. मास्तर गर्रकन वळले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आवाज मात्र बँडमास्तरचाच.

"बंद काऊन केलं, पोरी? मांडव कुठं आला अजून?"